अर्धंच वाजवणारा ऑनरे

ऑनरेने तिसऱ्यांदा ट्रंपेट ओठांवरून काढला आणि क्लोटिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सख्खी आई पुढे शवपेटीत. न्यू ऑर्लिन्सचं ऑगस्टमधलं ऊन. चर्चपासून अख्खी गल्ली बँडमागे एकेक पाऊल टाकत चाललेली. आणि हा पठ्ठ्या भजनाची एक ओळ वाजवतो, दुसरी गिळतो, पुन्हा तिसरी वाजवतो! मधल्या वेळात मागचा ढोल एकटाच धप्प धप्प करत राहतो.

"भजन पुरं वाजवा, मगच मला सोडा," एवढंच म्हातारीनं मागितलं होतं. रीतच आहे ती. भजन पुरं झालं की कबरस्तानाच्या फाटकाशी बँड बाजूला होतो, मेलेल्याला वाट मोकळी करून देतो. मग काय वाजवायचं, नाचायचं ते नाचा. पण अर्ध्या भजनावर आईला सोडलं तर लोक तोंडात शेण घालतील. आणि का घालू नये?

"झालं? दमलास?" ती भावाच्या कानाशी फिसकारली.

ऑनरेने ट्रंपेट पुन्हा ओठांना लावला. बोलेल कशाला! साहेब जगप्रसिद्ध. न्यूयॉर्क काय, पॅरिस काय. त्याच्या या थांबण्यावर म्हणे विद्वानांनी पुस्तकं लिहिलीत, 'ऑनरे ट्रेपानिएची शांतता' म्हणून! क्लोटिलने एकदा रेकॉर्ड ऐकली होती. शांतता कसली, शुद्ध आळस. लहानपणी भांडीसुद्धा अर्धीच घासायचा. बाप गेला तेव्हा ती सतराव्या वर्षी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी उकळायला लागली, आणि हा ट्रंपेट घेऊन शिकागोला पळाला. तेव्हापासून तिला ना चर्चला जायला सवड, ना कशाला.

फाटक आलं. बँडचा म्होरक्या जुनियस काळी हॅट छातीशी धरून वळला.

"मिस क्लोटिल, सोडायचं का आईला?"

"सोडायचं कसलं डोंबल! भजन कुठे पुरं झालंय?" तिचा आवाज चढला. ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. "नोरे, जगाला फसव, आईला नको. मधल्या ओळी वाजव, नाहीतर तो भोंगा इकडे दे. मोडून टाकते!"

ऑनरेने मान खाली घातली.

"मला येत नाहीत त्या."

"काय?"

"कधी शिकलोच नाही, क्लो. चर्चमध्ये आई आपल्याला शेजारी उभं करायची. एक ओळ मी वाजवायचो, पुढची तू गायचीस. मला तेवढंच येतं. अजूनही कुठलंही गाणं घेतलं तरी तुझी ओळ येते आणि मी थांबतो. पॅरिसलासुद्धा थांबलो."

लोक बघत होते. क्लोटिलने रुमालाने आधी डोळे, मग सगळं तोंड खसाखसा पुसलं.

"मग हे सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का रे, मेल्या? चल, पहिल्यापासून घे. आणि माझ्या ओळीला घाई करू नकोस. पंचेचाळीस वर्षांनी गातेय."