उठवायचं राहून गेलं

"डिस्कचं काम झालं, की त्याची वाट बघत झोपलेल्या प्रोग्रॅमला उठवायला विसरू नकोस हं," कर्नलचा, म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड सोपवताना देवधर सरांनी बजावलं होतं. "तेवढं कळतं हो, सर!" म्हणत शाल्मलीने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज ती स्क्रीनसमोर चक्रावून बसली होती. डिस्कने माहिती आणून दिली होती, काम झाल्याचा इशाराही कर्नलला मिळाला होता. तरी प्रोग्रॅम ढिम्म हलत नव्हता. मग अडलंय कुठे?

इतक्यात सासूबाईंचा फोन आला. मागे बाळ टाहो फोडत होतं.

"अगं, याला दूध देऊ का? सकाळी उलटी झाली, डॉक्टरांना विचारून कळवते म्हणालीस, म्हणून थांबलेय!"

शाल्मली गोंधळली. डॉक्टर तर मघाशीच म्हणाले होते, घाबरू नका, खुशाल द्या. तिचा जीव भांड्यात पडला होता आणि ती पुन्हा कामाला लागली होती. मग सासूबाईंना कसं कळलं नाही?

कळवायचं कुणी होतं?

"द्या, आई, आत्ता द्या!" ती ओरडलीच. फोन ठेवून तिने कोड पाहिला; प्रोग्रॅमला उठवायची ओळही लिहायची राहून गेली होती.

तुम्हीही वाचणं थांबवा जरा. तुमच्या निरोपासाठी घरी कुणी ताटकळलं नाही ना, विचारून या.