मंगळवारचं अपडेट

रसेलचा पाय एका जागी ठरत नव्हता. गॅरेजमध्ये दिवे लागले होते, कॅमेरा मांडून झाला होता, पुन्हा गरम केलेली कॉफी पुन्हा गार झाली होती. आणि त्याची बायको नोरीन, झोप मोजणाऱ्या त्या नव्या स्मार्ट अंगठीबद्दल त्याच्या व्हिडिओत दोन वाक्यं बोलायला तयार नव्हती.

"अगं, महिनाभर तूच घालतेयस ना? हा तुझा आलेख बघ." त्याने फोन तिच्यापुढे धरला. "आधी रात्रभर नुसती तळमळ. आणि गेल्या मंगळवारपासून गाढ झोप. अंगठीचं सॉफ्टवेअर अपडेट मंगळवारीच आलं. काय काम केलंय या कंपनीवाल्यांनी."

"तुझ्या अंगठीतही आलं असेल की. तुला लागते झोप?"

"माझं सोड. माझी झोप तर आणखी बिघडलीय. तू फक्त मंगळवारी काय बदललं तेवढं सांग."

"खरं सांगू?"

"मग काय. माझ्या चॅनेलवर खोटं चालत नाही." त्याने कॅमेरा सुरू केला.

नोरीनने डावा हात वर केला. करंगळीशेजारच्या बोटात ती काळी अंगठी चमकत होती.

"आधी ही उजव्या हातात होती," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "दारातला बर्फ उपसताना फावड्याच्या दांड्यावर टोचायची. म्हणून मंगळवारी या बोटात घातली. त्यासाठी लग्नाची अंगठी काढून ठेवावी लागली. त्या रात्री पडल्या पडल्या झोप लागली."