पाटीचा खांब

"खांब घरात की बाहेर?" रंगाच्या दुकानदाराने विचारलं.

"बाहेर," शिंपी म्हणाला.

"मातीत पुरणार? पाणी जवळ आहे?"

शिंप्याने नुसती मान हलवली. बायको शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "काठावरच आहे."

दुकानदार मोठा बोलघेवडा. शिंप्याच्या गळ्यातली टेप बघून त्याने आल्या आल्या त्याला मास्तर करून टाकलं होतं. "मास्तर, पाणी आणि वाळवी, लाकडाचे दोन वैरी. तुम्ही दोघांच्याही दारात खांब रोवताय. होडीबिडी घेतलीत की काय?"

"पाटी लावायचीय," शिंपी म्हणाला. "दगडखाणीवर. पाणी खोल आहे, उतरू नये, अशी."

दुकानदाराचं हसू जागच्या जागी विरलं. दोन महिन्यांपूर्वी खाणीच्या पाण्यात एका शिंप्याची मुलगी बुडाली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याने दोन डबे आणून समोर ठेवले.

"हे हिरवं औषध. यात खांब भिजत घाला, वीस वर्षं बघायला नको. आणि हे जवसाचं तेल. निरुपद्रवी आहे, पण दरवर्षी हात मारावा लागतो."

शिंप्याने हिरव्या औषधाच्या डब्यावर हात ठेवला. त्याला हेच हवं होतं. खांब एकदाचा रोवायचा आणि त्या वाटेला पुन्हा फिरकायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ते पाणी परत बघायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"तेल घेऊ," बायको म्हणाली.

"अगं, दरवर्षी कोण जाणार तिकडे?"

"मी जाईन." ती डब्याकडेच बघत होती. "शाळा उघडायच्या आधी तुम्ही तिचं माप घ्यायचात. मी बूट आणायची, वह्यांना कव्हरं घालायची. आता वर्षाकाठी तिचं म्हणून करायला काही उरलंय का आपल्याला?"

दोन महिने शिंपी स्वतःचंच दुःख उराशी धरून बसला होता. हिचे हात रिकामे पडलेत, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुकानदार खाकरला. "वहिनी, नुसतं तेल मातीत पुरं पडायचं नाही, चार पावसांत खांब आडवा होईल. जमिनीत जातो तेवढा भाग औषधात भिजवा. वर तेल लावा. पण भर उन्हाळ्यात, लाकूड कोरडं असतं तेव्हा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही डबे पुढ्यात ओढले.

"ब्रश दोन द्या," तो म्हणाला.

"देतो. जमिनीच्या वर किती राहणार खांब? त्या मानाने तेल देतो."

"अठ्ठेचाळीस इंच."

"चारच फूट? मास्तर, मोठ्या माणसाच्या नजरेला पडायची नाही पाटी."

"पाटी मोठ्यांसाठी नाहीच," शिंपी म्हणाला. "तिला वाचता येत होतं."