पायाच्या चरातली बाई

काम थांबलं तो सोमवार होता. पुरातत्त्व खात्याच्या बाईंनी पायाच्या चराभोवती दोरी बांधली आणि गवंड्याला घरी पाठवलं. कुणाची तरी निनावी चिठ्ठी गेली होती : चरात जुनं काही निघालंय, बघून जा.

अर्जिरो कमरेवर हात ठेवून बघत राहिली. नाक्सोस या ग्रीक बेटावर लेकीला घर दिल्याशिवाय आई लग्नाचं नाव काढत नाही. तिच्या मोस्काचं लग्न ऑगस्टात ठरलेलं. व्याही याकूमिस रोखठोक बोलला होता, छप्पर चढेल तेव्हाच लग्न लागेल. साखरपुड्याला अर्जिरोनं रिवाजाप्रमाणे रुखवताच्या पेटीची किल्ली लेकीच्या गळ्यात घातली, तेव्हा लेक रडली. सगळ्याच रडतात. पिरेयस शहरात जाऊन नर्स व्हायचं तिचं खूळ अर्जिरोनं दोन वर्षांपूर्वीच उतरवलं होतं.

चिठ्ठी कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. बेटावरचं शेंबडं पोरही जाणतं, नांगराला जुनं काही लागलं तर परत मातीत ढकलायचं आणि तोंड शिवायचं. नाहीतर खातं शेताला तार ओढतं, ती नातवंडं म्हातारी झाली तरी निघत नाही. अशा गावात चुगली करणारं माणूस एकच, नणंद झाम्बेता. या जमिनीवरून ती वीस वर्षं धुमसत होती.

अर्जिरोनं तिला चर्चच्या दारातच गाठलं. "भावाच्या लेकीचा संसार मोडलास. आता मेणबत्ती कुणाच्या नावानं लावतेस?"

"वहिनी, मला लिहिता येतं का? आपण दोघी अंगठेबहाद्दर."

"मग लिहून घेतलं असशील."

सगळं गाव ऐकत होतं, आणि अर्जिरोला तेच हवं होतं.

आठवड्यात याकूमिसचा निरोप आला, सोयरीक मोडली. मोस्कानं अंगठी शांतपणे काढून दिली. तमाशा केला नाही, डोळ्यांत टिपूस नाही. पोरगी माझ्यावर गेलीय, असं अर्जिरोला वाटलं.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या बाई घरी आल्या. मोस्का कॉफी करायला आत गेली. बाईंनी टेबलावर रुमाल उलगडला. पांढऱ्या संगमरवराची, तळहाताएवढी बाई. हात पोटावर घडी घातलेले, डावं पाऊल तुटलेलं.

"साडेचार हजार वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "पण मला एक कळत नाही. चरातली बाकी माती कोरी आहे. हाड नाही, खापर नाही. आणि हिच्या हातांच्या खाचेत वाळलेलं लव्हेंडर निघालं. तुम्ही हिला आधी कधी पाहिलंय?"

अर्जिरोची नजर डाव्या पावलावर होती. ते नवऱ्याच्या नांगरानं तोडलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी, वरच्या शेतात. तो परत पुरत होता, तिनंच पुरू दिलं नाही. पेटीच्या तळाशी, बारा चादरींखाली, लव्हेंडरमध्ये तिनं स्वतः तिला निजवलं होतं.

"नाही," अर्जिरो म्हणाली.

मोस्कानं कॉफी आणली. ठेवायला वाकली, तशी तिच्या गळ्यातली किल्ली कपाला लागून किणकिणली.