नव्या नमुन्याचं इंजिन

१९६१ साली ईट गावच्या शाळेत मुंबईच्या एका कारखान्यातून नव्या नमुन्याचं, किल्लीवर धावणारं आगगाडीचं छोटं इंजिन आलं आणि पहिल्याच वळणावर रुळांवरून उतरलं. विज्ञान शिकवणाऱ्या चारुशीलाबाईंनी कारखान्याला कळवलं, की जुळणी करताना पुढची चाकं एकमेकांच्या वाजवीपेक्षा जवळ बसवली आहेत. उत्तर आलं, "आमच्या मालात दोष नाही. एखाद्या जाणत्या पुरुषाला दाखवा."

बाईंची कानशिलं तापली. त्यांनी कुणालाही दाखवलं नाही. स्वतःच पकड घेतली आणि अंतर मोजून चाकं नीट बसवली.

शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढं इंजिन झोकात सात फेऱ्या धावलं.

"वा! काय कारखाना आहे!" साहेब म्हणाले. "जिल्ह्यातल्या चाळीस शाळांना हेच मागवतो."

"बाई, आता काही बोलू नका बरं," मुख्याध्यापक नारायणराव कुजबुजले. "साहेब खूश आहेत."

बाईंनी इंजिन उचललं, सगळ्यांदेखत चाकं पकडीनं पुन्हा आत दाबली आणि किल्ली दिली. वळण येताच इंजिन आडवं झालं.



"साहेब, हे कारखान्याचं इंजिन. मघाशी धावलं ते माझं."