बुचावरचं साल

दिनकररावांनी दोन्ही बाटल्या दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पंच्याला हात पुसले.

"द्राक्षासव एवढंच उरलंय, माय. एकच घ्या. दोन हातांचं औषध एका पोटात घालू नये."

पहिल्या बाटलीवर बन्सीधर वैद्यांच्या नावाची छापील चिठ्ठी होती. साऱ्या परभणीत ती चिठ्ठी लोक लांबून ओळखत. दुसरीवर काहीच नव्हतं. नुसतं बुचावर शाईने साल लिहिलेलं, शके १८६८.

धुरपताबाई सकाळच्या मोटारीने बोरीहून आली होती. घरी सून केवळा अंथरुणात. बाळंत होऊन दोन महिने झाले तरी भाकरीचा वास आला की तोंड फिरवायची. अंगावरचं दूध आटलं होतं, लेकरू शेळीच्या दुधावर होतं. धुरपताबाई निघाली तेव्हा केवळा एवढंच बोलली होती, "वैद्याच्या हातचं असंल तरच घेईन. दुसऱ्याचं नगं."

"मग इचार कशाचा करायलीस, अक्का?" बरोबर आलेली धाकटी जाऊ बायनाबाई म्हणाली. "नावाचं घे अन् चल. मोटार जाईल."

धुरपताबाईने चिठ्ठीची बाटली उचलली. बूच उजेडाकडे धरून पाहिलं. शके १८७०.

"हे रझाकाराच्या सालचं हाय," ती हळू म्हणाली.

दिनकररावांनी मान डोलावली.

"त्या साली सरहद्दीवरून मीठसुद्धा येईना. वैद्याला मनुके कुठले मिळाले?"

"मिळाले तसे घातले. जुने, किडके. बाटल्या द्यायला आले तवा स्वतःच म्हणले, दिनकरराव, गिऱ्हाइकाला साल सांगून विका."

"मग सांगितलं न्हाई तुमी?"

"तुमी नाव विचारलं. साल कुणी विचारतच न्हाई, माय."

धुरपताबाईने बाटली खाली ठेवली. खरं बोलणाऱ्या माणसाचं औषध, आणि तोच म्हणतो हलकं आहे.

"अन् हे बिननावाचं?"

"मुंजाजीचं. पूर्णेला असतो. बापाकडून वैद्यकी शिकलो म्हणतो, खरं-खोटं देवाला ठाऊक. पण मनुके मुंबईचे होते, ते मी डोळ्यानं पाहिले. अन् तीन साल मुरलंय. दोन्ही चाखून बघा की."

धुरपताबाईचा पुढे झालेला हात थांबला. सोमवार होता. सून पोटभर भाकर खाईपर्यंत सोमवारी पाण्याचा थेंब घेणार नाही, असं ती महादेवाला बोलली होती. आजचा सातवा.

"मी चाखते," बायनाबाई पुढे सरकली.

"तुझ्या जिभेला मिश्रीबिगर काय कळतंय?"

"न का कळंना. मला सोमवार तरी न्हाई."

तिने दोन्हीचा थेंब घेतला. परत घेतला. मग ओशाळून म्हणाली, "दोन्ही गोडच लागायलेत गं."

धुरपताबाई दुकानाच्या पायरीवर बसली. ऊन पायांवर आलं होतं, ते तिने काढले नाहीत. थोडा वेळ डोळे मिटून ओठ हलवले आणि बोट पुढे केलं.

वैद्यांचं आधी गोड लागलं, मागून आंबट आलं आणि तिथेच संपलं. मुंजाजीचं तुरट होतं. जिभेवर फारसं काही नाही, पण गिळल्यावर ऊब सावकाश खाली उतरली. सकाळपासून रिकाम्या पोटात ती नीट कळली.

"हे द्या."

"वैद्याच्या नावाची एक जादा चिठ्ठी पडलीय," दिनकरराव आवाज उतरवून म्हणाले. "लावून देऊ? सून निमूट पिईल."

"नगं. तेवढं पाप नगं."

मोटारीत बायनाबाईने बोटांवर सोमवार मोजले. मग म्हणाली, "सोमवार मोडला की गं. आता परत पहिल्यापासून."

"व्हय."

"मोडलाच हाय तर पाणी तरी पी."

"घरी गेल्यावर."

दिवेलागणीला ती घरी पोचली. तांब्याभर पाणी घेऊन केवळाच्या उशाशी बसली. आधी बूच काढलं, वाटीत दोन पळ्या ओतल्या. केवळा बाटलीकडे बघत होती.

"चिठ्ठी न्हाई की, आत्याबाई."

"पी, माय."

"वैद्याचंच न्हवं का?"

धुरपताबाईने देव्हाऱ्याकडे पाठ केली.

"व्हय."

केवळाने वाटी दोन्ही हातांनी धरली. एक घोट घेतला, थांबली, मग सगळी वाटी रिकामी केली. वाटीच्या कडेवरून बोट फिरवून चाटलं.

"उगं न्हाई वैद्याचं एवढं नाव," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "चतकोर भाकर हाय का?"

धुरपताबाईने तांब्या तोंडाशी नेला होता. तो तिने तसाच खाली ठेवला आणि भाकर आणायला उठली.