विहिरीतल्या गोधड्या

दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी श्रावण सरला तरी युसूफ वडगावच्या शिवारातली बद्रीनाथची विहीर कोरडीच राहिली, आणि घरातल्या दोन गोधड्या नाहीशा झाल्या.

गोधड्या छबुबाईनं शिवलेल्या. छबुबाई म्हणजे बद्रीनाथची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची. गोधड्या शोधता शोधता तिच्या ध्यानात आलं, की दुपारची रोहिणीही घरात नसते. रोहिणी बद्रीनाथची लेक, विशीतली. रविवारी केजचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. अशात बद्रीनाथच्या कानावर भलतंसलतं गेलं, तर पोरीचं कॉलेज बंद आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकणंही बंद. भावाला काही बोलण्याआधी आपण बघावं, म्हणून छबुबाई रानात गेली.

विहिरीजवळ दोन मोटरसायकली लावलेल्या. एक तिनं ओळखली. केजच्या फकीर मिस्त्रीच्या पोराची, तन्वीरची. वाकून बघितलं तर तळाशी दोरीवर तिच्याच गोधड्या, पडद्यासारख्या ताणलेल्या. पलीकडून रोहिणीचा आवाज येत होता.

"कोन हाय रे खाली?" छबुबाई ओरडली. विहिरीनं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

ती पायऱ्या उतरली आणि गोधडी बाजूला सारली. ऑइलचं रिकामं पिंप, त्यामागं काड्या घेतलेला तन्वीर. पाटलांच्या आदिनाथच्या गळ्यात गिटार. दगडाला टेकवलेला मोबाईल. आणि त्यापुढं उभी रोहिणी, घामानं निथळलेली.

"आत्या, आमी गाणं रेकॉर्ड करतोय. बँड हाय आमचा."

"बँड? वरातीतला?"

"न्हाई गं. रॉक."

"मग माझ्या गोधड्या कावून?"

"पिंपाचा आवाज लई घुमतो, आत्या," तन्वीर म्हणाला. "गोधडीनं दबतो."

"तुला कुनी इचारलं?"

छबुबाई मोबाईलकडं बोट करून पायरीवर बसली. "आतापस्तोर काय काय भरलंय ते लाव. समदं. एक बी गाळू नको."

ती गाणी ऐकतच नव्हती. दोन गाण्यांच्या मधलं ऐकत होती. तिथं कुणी खोकत होतं, कुणी 'पुन्हा घे' म्हणत होतं, रोहिणी तन्वीरला 'तुझ्यामुळं चुकलं' म्हणून झापत होती. एका ठिकाणी खुदकन हसू ऐकू आलं.

"थांबव. हे हसलं कोन?"

"मी," आदिनाथ म्हणाला.

"कावून?"

"तन्वीरची काडी सुटली अन् त्याच्याच नाकावर बसली."

छबुबाईनं तन्वीरच्या नाकाकडं पाहिलं. खरचटलेलं होतं. तरी तिची खात्री पटेना. "फुडं लाव."

शेवटचं गाणं आजचंच होतं. पिंप धडाडलं, गिटार किंचाळली आणि रोहिणी, जी घरात पाणी मागतानाही हळू बोलायची, ती नरडं फाडून गात होती:

पाहुणे आले, चहा पिले,
मला विचारा, मला विचारा!

आणि त्यावर वरून छबुबाईचा आवाज कोसळला. कोन हाय रे खाली?

"ते पुसून टाकतो, आत्या," तन्वीर घाईनं म्हणाला.

"हात लावू नको." छबुबाई पायरीवरून उठली. मग रोहिणीला म्हणाली, "हे घरी कावून बोलली न्हाईस?"

रोहिणी दोरीवरच्या गोधड्या उतरवू लागली.

संध्याकाळी बद्रीनाथनं विचारलं, "पोरगी कुठं गेलती?"

"माझ्यासंग. विहिरीत गोधड्या वाळू घातल्या."

"विहिरीत?"

"वर ऊन लई हाय. रंग जातो."

रविवारी पाहुणे आले. चहाचे कप हातात पडायच्या आधीच छबुबाईनं सगळ्यांदेखत भावाला विचारलं, "पोरीला इचारलं का तू?" कप तसेच राहिले. पाहुणे उठले. बद्रीनाथ दिवाळीपर्यंत बहिणीशी बोलला नाही.

छबुबाई मात्र गाणं असलं की विहिरीच्या पायरीवर सुईदोरा घेऊन बसायची. पोरांवर विश्वास बसला होता असं नाही.

पुढं आदिनाथनं गिटार टांगून ठेवली आणि संभाजीनगरला नोकरी धरली. तन्वीरनं शाईस्ता नावाच्या मुलीशी लग्न केलं. आता त्याच्याकडं खरे ड्रम आहेत, पण त्यांच्याखाली छबुबाईची गोधडी अंथरलेली असते. रोहिणी पुण्यात स्टेजवर गाते. ते गाणं सुरू झालं की समोरची पोरं एका सुरात ओरडतात, "कोन हाय रे खाली?" छबुबाई तिला फोन करते तेव्हा आधी विचारते, "शेजारी कोन बसलंय?"

बद्रीनाथनं ते गाणं गेल्या उन्हाळ्यात केजच्या स्टँडवर ऐकलं, कुणाच्या तरी मोबाईलवर. बहिणीचा आवाज त्यानं लगेच ओळखला. गाणारी पोरगी कोण, हे मात्र त्याला शेजारच्या माणसाला विचारावं लागलं.